घरच्या इंग्रजीसाठी पुस्तकांची निवड



महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय जून २००० पासून पहिलीच्या वर्गात आला. तत्पूर्वी खेड्यातील मुलाची या भाषेशी गाठ पाचवीत पडत असे. त्या वेळेपावेतो ते मराठी वाचू लागलेले असे, त्यामुळे घरच्या माणसांपुढे इंग्रजीचा प्रश्न फारसा उभा राहत नसे. आता सहा वर्षांचे मूल इंग्रजीचे पुस्तक दप्तरात घालून घरी येते आणि त्याचा बाप तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे हाती पडताच शिक्षकास विचारतो, "गुरुजी, पोराले घरी इंग्रजी शिकवाले कोनता पुस्तक आनू?"

हा प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यामागे त्या घराची मोठी उमेद असते. शिक्षकाने "कोणतेही आणा" असे म्हणून तो उडवून लावला, तर बाप तालुक्याच्या बाजारास जातो आणि दुकानदार जे पुढे करील ते घेऊन येतो. ते बहुधा एक जाड मार्गदर्शक, मुळाक्षरांचा एक चकचकीत तक्ता, अथवा थोड्या दिवसांत इंग्रजी बोलावयास शिकविण्याचे अभिवचन देणारे मोठ्या माणसांचे पुस्तक असते. महिनाभर मूल ते चाळते आणि मग ते पुस्तक संदुकीत अथवा फळीवर जाते. पैसे गेले ही हानी लहान आहे. "आपल्या पोराला इंग्रजी येत नाही" असा जो समज त्या घरात कायम होतो, ती हानी मोठी. वास्तविक पाहता त्या मुलास इंग्रजी येत नाही असे काही ठरलेलेच नसते. ते पुस्तक त्या घरासाठी केलेले नव्हते, एवढेच सिद्ध झालेले असते.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत (१९८२ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता) घर या शब्दाचा अर्थ गावागणिक पालटतो. भामरागड व एटापल्लीकडे घरची बोली माडिया, धानोऱ्यास गोंडी, कोरची-कुरखेड्याच्या बाजूस छत्तीसगढी कानी पडते, सिरोंच्यास तेलुगू, मुलचेरा व चामोर्शी भागातील वसाहतींत बंगाली, राजुरा-जिवतीच्या डोंगरात कोलामी, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला व १९७६ साली तेथे शाळा निघाली. त्या शाळेत येणाऱ्या माडिया मुलांस इंग्रजी दूरच राहिली, मराठी हीच नवी भाषा होती. आजही आतल्या गावांत पहिलीत बसणाऱ्या मुलाची स्थिती फारशी वेगळी नाही. अशा मुलाच्या हाती मराठीतून इंग्रजी समजावून सांगणारे मार्गदर्शक दिले, म्हणजे एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने करून देण्यासारखे होते.

यावरून कोणी असे अनुमान काढील की, या मुलांस इंग्रजीच नको. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची जी योजना निघाली, तिच्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात मातृभाषेस अग्रस्थान होते व इंग्रजीस स्थानच नव्हते. त्या विचारात पुष्कळ सत्य आहे. तथापि, ज्या पालकाने वनखात्याच्या कचेरीत, दवाखान्यात व न्यायालयात इंग्रजी कागदापुढे स्वतः निरुत्तर होऊन उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्यास हे सत्य पटवून देणे कठीण आहे, आणि पटवून देण्याचा अधिकार, ज्याची स्वतःची मुले शहरातील इंग्रजी शाळेत शिकतात, त्यास तर नाहीच. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. याच जिल्ह्यातील कित्येक आदिवासी पालक आपली मुले शासनाच्या योजनेतून दूरच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवितात. या दोन्ही इच्छा खऱ्या आहेत आणि पुष्कळदा त्या एकाच अंगणात नांदतात. गावच्या शिक्षकास त्या दोहोंचाही मान राखावयाचा असेल, तर घरी जाणारे पुस्तक असे हवे की, त्यातून इंग्रजी आत येईल व घरची बोली बाहेर जाणार नाही.

असे पुस्तक ओळखावे कसे? त्याची एक कसोटी आहे आणि ती कोणत्याही शिक्षकास दुकानात उभ्या उभ्या लावता येईल. पुस्तकातील मजकूर तळहाताने झाकावा आणि केवळ चित्रे पाहून स्वतःस विचारावे : ज्या आईस अक्षरओळख नाही, ती ही चित्रे पाहून आपल्या बोलीत मुलास गोष्ट सांगू शकेल काय? सांगू शकेल, तर पुस्तक घ्यावे. सांगू शकणार नाही, तर त्यात व्याकरण कितीही शुद्ध असो व कागद कितीही गुळगुळीत असो, घरासाठी ते निरुपयोगी आहे. शाळेच्या कपाटात ते खुशाल राहो. घरी मुलाजवळ बसणारे माणूस आईच आहे, किंवा आजी, किंवा थोरली बहीण. तिला वगळून जे पुस्तक चालते, ते दुसऱ्या दिवसापासून बंद पडते.

या कसोटीस मुळाक्षरांची बहुतेक पुस्तके उतरत नाहीत. त्यांत एका अक्षरास एक चित्र असते आणि एका चित्राचा दुसऱ्या चित्राशी काही संबंध नसतो, म्हणून सांगावयास गोष्टच उरत नाही. शिवाय चित्रे कोणती? बर्फाच्या विटांचे घर, तिबेटातील केसाळ बैल, आणि 'एक्स' या अक्षरासाठी एक वाद्य, जे जिल्ह्यातील एकाही घरात नसेल! इंग्रजीत 'एक्स'ने आरंभ होणारे शब्द इतके थोडे आहेत की, पुस्तके करणाऱ्यांस त्या वाद्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याहून मोठा दोष असा की, अक्षराचे नाव आणि अक्षराचा उच्चार हे दोन वेगळे आहेत, हे ही पुस्तके लपवून ठेवतात. 'डब्ल्यू' या नावात 'व' हा ध्वनी कोठे आहे? 'एच' या नावात 'ह' कोठे आहे? मराठीत 'क' म्हटला की 'क' ऐकू येतो. या सरळ व्यवहाराची सवय असलेले मूल सव्वीस नावे घडाघडा म्हणते आणि तीन अक्षरांचा 'कॅट' हा शब्द त्यास वाचता येत नाही. तक्ता भिंतीवर असावा, त्यास हरकत नाही. पण तक्ता आणला म्हणजे इंग्रजीचे पुस्तक आणले असे नव्हे.

पुस्तक निवडण्यापूर्वी शिक्षकाने एक लहानसे काम करावे. गावात इंग्रजी शब्द किती नांदत आहेत, त्यांची मोजदाद करावी. जंगलातल्या गावास इंग्रजीचा वारा लागलेला नाही, असे समजणे चुकीचे आहे. वनखाते तेथे शंभराहून अधिक वर्षे वावरत आहे. रेंजर, गार्ड, बीट, डेपो, कूप, परमिट, पास हे शब्द निरक्षर आजोबाही वापरतात. बॅटरी, सायकल, ट्रॅक्टर, मोबाइल, चार्जर, तिकीट, कंडक्टर, नर्स, इंजेक्शन यांचा तर विचारच करावयास नको. मुलास पन्नास-साठ इंग्रजी शब्द अर्थासह अगोदरच येत असतात. मात्र ते इंग्रजी आहेत, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. ज्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत यांतले चार शब्द भेटतील, ते पुस्तक मुलास परके वाटत नाही.

आणि उलट दिशेनेही शब्द गेलेले आहेत. 'जंगल' हा शब्द इंग्रजीने इकडूनच उचलला. सांबर, चितळ, गौर, नीलगाय, लंगूर हे सर्व प्राणी इंग्रजी पुस्तकांत याच नावांनी वावरतात, आणि मुंगसास इंग्रजीत जे नाव आहे ते तर प्रत्यक्ष मराठी 'मुंगूस'च होय. केवळ उच्चार थोडा वाकला आहे. ताडोब्याच्या आसपासच्या मुलापुढे वन्यप्राण्यांचे चित्रमय इंग्रजी पुस्तक ठेवले, तर त्यातील निम्मे प्राणी ते शिक्षकाच्या आधी ओळखील. मुलास ज्या विषयात शिक्षकाहून अधिक कळते, त्या विषयाचे पुस्तक निवडण्यात शिक्षकाने कमीपणा मानू नये. तेथे मुलास भाषा तेवढी नवी असते, वस्तू सगळ्या ओळखीच्या असतात. सुरुवातीच्या पुस्तकाकडून याहून अधिक मागू नये.

पानावर नवे शब्द किती असावेत, हा यापुढचा प्रश्न. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालमध्ये ढाक्यास होते. तेथील मुलांची इंग्रजी वाचने तपासताना त्यांस असे दिसून आले की, त्यांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि एकदा आलेला शब्द पुन्हा लवकर भेटत नाही. त्यांनी नवे शब्द विरळ पेरून व पुनःपुन्हा आणून वाचनांची एक माला रचली, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. हीच गोष्ट खेड्यातील शिक्षकास बोटांवर तपासता येते. मुलास दुसरी-तिसरीत एक पान वाचावयास द्यावे व न कळणाऱ्या प्रत्येक शब्दास एक बोट मुडपावे. पान संपण्यापूर्वी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक अजून त्याचे नव्हे. दोन बोटे मिटली तर उत्तम. एकही मिटले नाही, तरी पुस्तक परत घेऊ नये. सोपे पुस्तक वाचण्यात जो आनंद असतो, तो मुलांस क्वचितच मिळू दिला जातो.

इंग्लंडात विल्यम मरे व जो मॅकनॅली यांनी १९६२ साली एक गणित मांडले. लिहिलेल्या इंग्रजीतील सुमारे चौथा हिस्सा अवघ्या १२ शब्दांनी व्यापलेला असतो, अर्धा हिस्सा १०० शब्दांनी, आणि तीन चतुर्थांश हिस्सा ३०० शब्दांनी. हे आकडे ऐकून कित्येक उत्साही शिक्षक त्या शंभर शब्दांची यादी पाठ करावयास देतील. तसे करू नये. त्या बारा शब्दांत 'द', 'अँड', 'ऑफ', 'इज' असे शब्द आहेत. त्यांचे चित्र काढता येत नाही व त्यांचा अर्थ एकट्याने सांगता येत नाही. वाघ, बैल, नदी यांच्या संगतीतच ते कळतात. म्हणजे यादीतून मिळणार नाही ते गोष्टीतून आपोआप मिळते, कारण कोणतीही गोष्ट घेतली तरी हे शब्द तीत पुनःपुन्हा येणारच.

गोष्टीची पुस्तके खरोखर इतका परिणाम करतात काय, ही शंका योग्य आहे. तिचे उत्तर प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर मिळाले. तेथील खेड्यांतल्या प्राथमिक शाळांतही इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नव्हती. वॉरविक एली व फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी १९८० साली चौथी-पाचवीच्या काही वर्गांस प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. इतर वर्गांत नेहमीचे पाठ व कवायती चालू राहिल्या. काही ठिकाणी शिक्षक मोठ्याने वाचून मुलांबरोबर गोष्टीविषयी बोलत, काही ठिकाणी मुले नुसती मनात वाचत. आठ महिन्यांनी पाहिले, तो पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील व ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली होती. १९८३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २५० पुस्तके कोणत्या शाळेस मिळावयाची, असे येथे कोणी म्हणेल. पण केंद्रातील दहा शाळांनी पंचवीस-पंचवीस पुस्तके घेऊन ती महिन्या-महिन्याने फिरविली, तर तेवढाच साठा होतो. एका घरात एक जाड पुस्तक वर्षभर राहण्यापेक्षा दहा पातळ पुस्तके येऊन गेलेली बरी.

अशी पुस्तके कोठे मिळतील, हे आता सांगावयास हवे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्थांची बालपुस्तके भारतीय विषयांवरची व माफक किमतीची असतात. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्विभाषी चित्रपुस्तके या जिल्ह्यांस विशेष उपयोगी आहेत, कारण एकाच पानावर इंग्रजी व भारतीय भाषा शेजारी-शेजारी असतात. आणि ही पुस्तके मराठीप्रमाणे तेलुगू व बंगालीतही निघतात. सिरोंच्याच्या शिक्षकाने इंग्रजी-मराठी पुस्तकाऐवजी इंग्रजी-तेलुगू पुस्तक मागवावे, मुलचेऱ्याच्या शिक्षकाने इंग्रजी-बंगाली. त्या भाषेत वाचता येणारे एखादे वडीलधारे माणूस तेथील घरांत असते, आणि मुलाच्या पुस्तकात आपली भाषा पाहून त्यास जो अभिमान वाटतो, तो शाळेच्या उपयोगी पडतो.

प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचा गोष्टींचा मुक्त संग्रह इंटरनेटवर ठेवला. त्यातील पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात व छापताही येतात. गोष्टी चार पातळ्यांत विभागल्या आहेत; घरासाठी पहिली पातळी पुरे, जीत एकेका पानावर एक-दोन ओळीच असतात. तीच गोष्ट इंग्रजीत व मराठीत पुष्कळदा मिळते, आणि गोंडीतही काही पुस्तके निघाली आहेत. आतल्या गावांत मोबाइलची लहर येते-जाते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी बैठकीस गेले असता पाच गोष्टी उतरवून व छापून आणाव्या.

विदेशी पुस्तके सरसकट टाकाऊ मानण्याचेही कारण नाही. एरिक कार्ल यांचे एका खादाड अळीचे चित्रपुस्तक १९६९ साली निघाले व जगभर गेले. अळी दर दिवशी काहीतरी खाते, मोठी होते, कोश करते आणि शेवटी फुलपाखरू होऊन बाहेर येते. आरमोरीच्या बाजूस, जेथे कोशाचे रेशीम काढतात, तेथील आई ही गोष्ट चित्रांवरून सहज सांगील. इतकेच नव्हे, तर रेशमाच्या कोशातून फुलपाखरू नव्हे, पतंग निघतो, ही दुरुस्तीही तेथील मूल करील! याउलट डॉ. स्यूस यांचे हिरवी अंडी व डुकराच्या मांसाचे १९६० सालचे पुस्तक केवळ ५० निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले आहे. शब्दसंख्या पाहून ते फार सोपे वाटते. पण त्याची सारी गंमत इंग्रजी यमकांच्या नादात आहे. उच्चार चांगला असलेल्या शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावयास ते योग्य. ज्या घरी तो नाद कोणासही ठाऊक नाही, तेथे ते मुके होऊन पडेल.

एक महाग पुस्तक मात्र केंद्रशाळेने एकदा तरी मागवावे. मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला जाऊन आले व तेथे पाहिलेले त्यांनी आपल्या चित्रपद्धतीत रेखाटले. तारा बुक्सने ते पुस्तक २००४ साली काढले. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबडा होते आणि शहरातील बसगाडी इमानी कुत्रा होते. त्यातील इंग्रजी प्राथमिकच्या मुलास झेपणार नाही. तरी गोंड माणसाने विलायतेस जाऊन विलायतेचेच चित्र काढले आहे, हे गोंड मुलाने पाहिले पाहिजे.

पुस्तक निवडले, तरी ते तसेच घरी धाडू नये. शिक्षकाने ते वर्गात तीनदा वाचून दाखवावे : एकदा घरच्या बोलीतून गोष्ट सांगत, दुसऱ्यांदा इंग्रजीत, चित्रावर बोट ठेवून, आणि तिसऱ्यांदा मुलांस मध्ये-मध्ये बोलू देत. शिक्षकास माडिया येत नसेल, तर चौथीतील मोठ्या मुलीस दुभाषी करावे. त्यात शिक्षकाचे वजन कमी होत नाही. यानंतर मूल घरी जाऊन जे "वाचते", ते बहुतांशी पाठ झालेले असते. त्यास पोपटपंची म्हणून हिणवू नये. पोपटास अर्थ ठाऊक नसतो. येथे चित्र समोर आहे व अर्थ आईस सांगून झालेला आहे. ज्या झाडीपट्टीत मुले रात्रभर मांडवात बसून नाटकातील संवाद दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे म्हणून दाखवितात, तेथे पाठांतराचे सामर्थ्य शिक्षकांस नव्याने सांगावे लागू नये. यास्तव ज्या गोष्टीत तेच वाक्य पुनःपुन्हा येते व पात्रे एकमेकांशी बोलतात, तिला निवडीत अग्रक्रम द्यावा. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार छापलेली पुस्तके मात्र टाळावी. मुलाचा डोळा ओळखीच्या लिपीकडे धावतो आणि रोमन अक्षरे तशीच अस्पर्श राहतात. घरच्या वाचणाऱ्या माणसासाठी उच्चार हवेच असतील, तर ते शेवटच्या पानावर शिक्षकाने स्वतः लिहून द्यावे.

शेवटी दप्तराची अडचण. पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत चढलेली असतात. ती फाटली, हरवली, तपासणीत कमी भरली तर काय, या भीतीने पुष्कळ शाळांत ती कपाटात बंद असतात व पावसाळ्यात वाळवीच्या कामी येतात. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचे निर्लेखन होते, तसे मुलांच्या हातून जीर्ण झालेल्याचेही होऊ शकते. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ही गोष्ट वर्षारंभीच ठेवून ठराव लिहून घ्यावा. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटे घर रिकामे असते व तेंदूच्या हंगामात तर दिवसभर. त्या काळात पुस्तक घरी देऊन उपयोग नाही. रोवणी आटोपल्यावरच्या संध्याकाळी आणि दिवाळीनंतरचे महिने यांसाठी बरे. दर शनिवारी पुस्तक द्यावे व पुढील शनिवारी परत घ्यावे. नोंदीसाठी साधी वही पुरे, आणि तीत रकाने तीनच असावेत : पुस्तक कोणाच्या घरी गेले, कोणत्या तारखेस परत आले, आणि घरी ते कोणी ऐकले. तिसऱ्या रकान्यात 'कोणी नाही' असे दोनदा लिहावे लागले, तर त्या घरासाठी दुसरे पुस्तक निवडावे.